मामाच्या बैलाचा पाय

शनिवार, सहा जुलै, आमच्याकडचा ऐन हिवाळा. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. हे सगळं तिथून सुरू झालं. न्ताते फोका वेळ सांगतात ती पक्की असते, कारण त्यांच्या गाडीत घड्याळ तेवढं एक धड चालतं. बाकीची गाडी ढकलून चालते.

फोका आमच्या शेजारच्या खोलीत राहतात. साठी उलटून गेली. तीस वर्षं मोखोत्लोंगच्या डोंगरातल्या गावांना माणसं नेतात-आणतात. लग्नाची, दवाखान्याची, मयताची. आम्ही सगळे त्यांना न्ताते म्हणतो, म्हणजे बाबा. परवा रात्री वारा सुटला आणि वीज गेली. माझं लेकरू काही केल्या झोपेना, म्हणून त्याला पाठीशी बांधून मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. माझा दीर लेबेको होता, आणि लोकरीच्या शेडमध्ये कामाला जाणाऱ्या दोघी बहिणी. मध्ये रॉकेलचा स्टोव्ह.

लेबेकोला दुसऱ्या दिवशी वर डोंगरात एका मयताला जायचं होतं. तो थट्टेनं म्हणाला, "न्ताते, मयताचा बैल चांगला जाड आहे म्हणे. येताना तुमच्यासाठी एक तुकडा मारू का?"

दोघी बहिणी हसल्या. म्हातारा हसला नाही. त्यानं स्टोव्ह बारीक केला.

"बस खाली," ते म्हणाले. "आणि दात झाक."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

दोन वर्षं झाली ह्याला. तेव्हा मी नदीपलीकडच्या सहा खोल्यांच्या रांगेत राहायचो. पाचवी खोली माझी. सहावीत त्सेको आणि त्याची बायको मा-लिनेओ. तिला पहिली मुलगी झालेली, नऊ दिवसांची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण बर्फाच्या रस्त्यानं पोटुशीला नेणं जमेना, म्हणून तिची आईच इथं आली होती. दारावर बोरू खोचलेला, बाळंतिणीच्या खोलीची खूण. बोरू आहे तोवर त्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, बापानंसुद्धा नाही. म्हणून त्सेको माझ्या खोलीत झोपायचा. घोरायचा मेला.

पण त्या घरात दुःख एकच होतं. मा-लिनेओला दूध उतरत नव्हतं. डब्याचं दूध पोर ओकून टाकायची. पहिले चार दिवस ती रडायची. मग मांजरासारखी रडायला लागली. मग तेवढंही नाही. त्सेको भिंतीला कान लावून बसायचा. म्हणायचा, "न्ताते, आज आवाजच नाही हो."

अशात त्याचा मामा मेला.

मामाचं नाव माखेथा. वर हा-मोखामेला गावात राहायचा. अठरा गुरं होती त्याची, आणि डोंगरात त्याला सगळे नडगीफोड्या म्हणायचे. तारेनं मढवलेली काठी असायची हातात. गुरं चोरणारा सापडला की तो पोलिसाकडे नेत नसे. खाली बसवायचा आणि नडगीवर मारायचा. एकदा त्याचा एकच बैल चोरीला गेला. एक! सहा दिवस माग काढत हा माणूस कडा उतरून पलीकडच्या देशात गेला, आणि बैल घेऊन परत आला. त्या दोघा चोरांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. ते दोघं पुढं कुठं चालताना दिसले नाहीत, एवढं खरं.

त्या जूनच्या अखेरीस एका रात्री चोर आले ते बंदुका घेऊन. माखेथाला छातीत दोन गोळ्या लागल्या. तरी त्यानं एकाचे दोन्ही पाय मोडले आणि मग पडला. सकाळी गावाला तो मोडका चोर गोठ्याच्या भिंतीपाशी सापडला. जिवंत होता. दुपारपर्यंत नव्हता. कितीजणांच्या काठ्या पडल्या, कोण मोजतंय? पोलीस आले तेव्हा सगळं गाव म्हणालं, घोड्यानं तुडवला.

तर असा माणूस. त्याच्या मयताला मी त्सेकोला घेऊन गेलो.

आता तुम्हाला ठाऊक आहे, मयताचा बैल पाहुण्यांची पोटं भरायला कापत नाहीत. तो मेलेल्याबरोबर चालत जायचा असतो. म्हणून त्याला मीठ लावायचं नाही. ज्वारीच्या घुगऱ्यांबरोबर तिथल्या तिथं संपवायचा. उरलं ते जाळायचं, हाडंसुद्धा. घरी काही न्यायचं नाही. का? तर बैल तिकडं अख्खा पोचला पाहिजे.

भाचा म्हणून त्सेको कापणाऱ्यांत होता. पुढचा डावा पाय त्यानं सोडवला. नळी अशी, माझ्या मनगटाएवढी जाड. मी कुंपणावर बसून पाहत होतो. त्यानं त्या नळीकडे पाहिलं, आणि मला कळलं की हा आता रश्श्याचा विचार करतोय. बाळंतिणीला नळीचा रस्सा दिला की दूध येतं, हे काय मला सांगायला हवं?

थोड्या वेळानं आरडाओरडा झाला. एक पाय कमी भरतोय.

"कुत्रं पळालं काहीतरी घेऊन," त्सेको म्हणाला.

माखेथाचंच कुत्रं होतं ते. धन्याच्या कबरीपाशी पडून होतं बिचारं. चार-पाच जण काठ्या घेऊन गेले. कुत्रं पळालंही नाही. शेपटी हलवत होतं. एकानं पाठीचा कणा मोडला, दुसऱ्यानं डोकं. मग तोंड फाकून पाहिलं... तोंडात काही नव्हतं. "गिळलं असेल," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे परत जेवायला बसले. त्सेको तिथंच उभा होता. दोन्ही हात कांबळ्याखाली.

निघताना फाटकाशी कोरफडीचं पाणी ठेवलेलं असतं, हात धुवायला. त्यानं एकच हात धुतला. दुसरा बाहेर काढलाच नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी गाडी सुरू केली. सूर्य बुडायला आला होता. गाव मागं पडल्यावर मी म्हणालो, "त्सेको, सकाळी तुझं पोट सपाट होतं रे."

"थंडी आहे, न्ताते."

"थंडीनं पोट येतं होय? मग माझी बायको सोळा वर्षं उगाच वैदूकडे खेटे घालत होती."

तो हसला नाही. मग म्हणाला, "मामाच्या गोठ्यात भाच्याचा वाटा असतोच की."

"जिवंत मामाच्या."

आणि मी गाडी हाकत राहिलो, पोरांनो. तिथंच गाडी वळवायला हवी होती. पण म्हातारीनं ती पोर दारातून मला दाखवली होती. तिच्या टाळूवर खड्डा पडला होता, एवढा.

घाटाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा सात वाजायला तीन मिनिटं होती. चांदणं नव्हतं. दोन्ही बाजूंना जुना बर्फ. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हत होती, आणि त्या कण्हण्याच्या मागून मला आवाज आला.

खट. खट. खट. मग एक जागा रिकामी.

खट. खट. खट. मग परत रिकामी.

"कुणाची गाय सुटलीय," त्सेको म्हणाला.

जुलैत घाटावर गाय? थंडी लागली की गुरं खाली येतात, हे त्यालाही माहीत होतं. मी आरशात पाहिलं. मागच्या दिव्याच्या लाल उजेडात रस्ता. रिकामा.

खट. खट. खट.

मी दाबली गाडी. आवाजानंही वेग धरला. मागच्या फाळक्यावर काहीतरी आदळलं आणि लाल दिवा फुटला. मग अंधार. मग टपावर एक फटका, असा की पत्रा माझ्या डोक्याला टेकला. मग त्सेकोच्या बाजूची काच... फुटली ती सगळी त्याच्या तोंडावर. गाल उघडा पडला. दात दिसत होते गालातून.

"फेक ते!" मी ओरडलो. "फेक बाहेर!"

त्यानं नळी पोटाशी धरली. तोंडातून रक्त येत होतं. म्हणाला, "फेकली तर पोर काय पिणार?"

घाट उतरलो आणि आवाज थांबला. आठ चाळीसला आम्ही खोल्यांपाशी होतो. त्याच्या गालाला मी फडकं बांधलं. म्हाताऱ्या सासूला त्यानं दारातूनच नळी दिली.

"हे काय झालं तोंडाला?"

"काच फुटली गाडीची."

"आणि हे कुठून आणलंस?"

"खाटकाकडून."

"मयताहून आलास ना? हात धुतलेस का?"

"धुतले, आई."

तिनं स्टोव्ह पेटवला. मीठ घातलं. चांगलं मूठभर, आम्हा गरिबांचा तोच मसाला. रस्सा अंगाला लागायला हवा म्हणून मा-लिनेओनं दोन वाट्या प्यायल्या, मांसही खाल्लं. म्हातारीनं हाडासकट भांडं माझ्या खोलीत आणून दिलं, सकाळी परत उकळायला. आणि साडेअकराच्या सुमारास भिंतीपलीकडून आवाज आला. पोर चोखत होती. अशी चोखत होती, की गुटूगुटू ऐकू येत होतं. त्सेको भिंतीला कान लावून बसला होता, आणि फाटक्या गालानं हसत होता. ते हसणं अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मध्यरात्री थोडा बर्फ पडला. मग थांबला.

एक पंचवीसला मला जाग आली. कुत्री गप्प होती. बोळात कोणीतरी चालत होतं.

खट. खट. खट. मग एक जागा रिकामी.

पहिल्या खोलीच्या दारावर काठी बसली. एकच फटका. तिथं एक शिंपी राहतो, त्याला वाटलं कोणी दारुडा आहे. दार उघडून तो म्हणाला, "कोण रे भडव्या?" मग कडाड. लाकूड मोडावं तसं. मग त्याची किंकाळी. खोटं वाटत असेल तर जा, विचारा, अजून लंगडतोय तो. फक्त कोणी मारलं ते विचारू नका, दार लावून घेतो.

दुसरी खोली. फटका. कोणी उघडलं नाही.

तिसरी.

चौथी.

पाचवी आमची. त्सेको माझ्याशेजारी उठून बसला होता. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. फटका बसला, कडी उडाली, पण दार उघडलं नाही. बाहेर श्वास ऐकू येत होता. बैलाचा. मोठा. ओला. माणसाचा श्वास... नव्हता.

मग तो पुढं सरकला. सहावीकडे.

तिथं थांबला. बोरू होता ना. जिवंतपणी त्या माणसानं कधी रीत मोडली नाही. मेल्यावर कशाला मोडेल?

"खोत्सो," बाहेरून आवाज आला. शांती असो. पाहुणा म्हणतो तसं, हळू.

"माझं जनावर इथं आलंय."

बोरूची रीत माणसाला असते. बैलाला कुठली? पत्र्याच्या दारातून शिंग आत शिरलं. मी पाहिलं नाही, पण पत्रा फाटतानाचा आवाज मला कळतो. म्हातारी ओरडली. पोर रडायला लागली. चार-पाच दिवसांत पहिल्यांदा खणखणीत रडली, पोटात दूध होतं ना. शिंग बाहेर. परत आत. दाराची चौकट हलली, भिंतीची माती माझ्या अंगावर पडली. मा-लिनेओ किंचाळत होती, "त्सेको, काय खायला घातलंस मला? काय घातलंस?"

तो उठला. मी त्याला धरलं. कांबळं माझ्या हातात राहिलं आणि तो गेला. अनवाणी. त्या भांड्यातलं हाड घेऊन.

मी दाराच्या फटीला डोळा लावला. त्सेको दिसत होता. बैल... काळं काहीतरी. बाकी कोणी दिसत नव्हतं.

"मामा, हे घे. घे आणि जा."

"उकडलंय," अंधारातून आवाज आला.

"मामा..."

"मीठ लागलंय. ह्याच्यावर उभा राहील तो?"

त्सेकोनं हाड मागं घेतलं.

"कोणी खाल्लं?"

"मी. एकट्यानं."

"मला वास येतो, भाच्या."

दारामागं पोर रडत होती. त्सेको सरकला आणि त्या फाटक्या दाराला पाठ लावून उभा राहिला. "त्यांना ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "चोर मी आहे. त्या दोघी तुझ्या गोठ्याच्या वाटेलासुद्धा आल्या नाहीत. तू कधी चोराच्या बायकोला मारलं नाहीस, मामा. लेकराला नाही. सगळा डोंगर सांगतो."

"कुत्र्याला का मारलंत?" तो आवाज म्हणाला.

तेव्हा मात्र त्सेको रडला. "मी तोंड उघडलं नाही. मी उभा होतो आणि तोंड उघडलं नाही."

बैलाचा श्वास जवळ आला.

"डावा होता."

"हो."

"बस खाली."

तो बसला. बर्फात. डावा पाय पुढं केला. आपणहून.

पहिला फटका. आवाज नाही आला त्याच्या तोंडून.

दुसरा.

तिसऱ्याला तो ओरडला, आणि ते ओरडणं माणसाचं नव्हतं. मग फटके थांबले आणि दुसरा आवाज आला. मी जन्मभर जनावरं सोलताना पाहिलीत. सांधा मोकळा करताना येतो तो आवाज.

मी दार उघडलं नाही. लिहायचं तर हेही लिही, पोरी. फोकानं दार उघडलं नाही.

खूर निघून गेले. किती वाजले ते मोजायची छाती झाली नाही.

मग बाहेर गेलो. गुडघ्याखाली काही नव्हतं. रक्त होतं, पण जेवढं हवं तेवढं नव्हतं. मी माझ्या पट्ट्यानं मांडी आवळली, म्हातारीनं बोरू-बिरू सगळं विसरून माझ्याबरोबर त्याला उचललं. दोन चाळीसला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, गाडी अंगावरून गेली. तो म्हणाला, "बाबा, गाडी चिरडते. हे कोणी सोडवून घेतलंय."

जगला तो. पोरही जगली, दुडदुड पळते आता. मा-लिनेओनं त्यानंतर मांसाला हात लावला नाही.

इथं न्ताते फोका थांबले. स्टोव्ह भकभकत होता. माझ्या पाठीवरचं लेकरू कधी झोपलं होतं मला कळलंही नव्हतं. लेबेकोनं हळूच विचारलं, "आणि पाय, न्ताते? तो पाय कुठं सापडला?"

"शोधला की. दवाखान्यातून परत आलो तेव्हा पावणेसात झाले होते, उजाडत होतं. बोळात बर्फ तसाच होता. आमचे सोडले तर माणसाच्या बुटाचा ठसा नव्हता, एकही नाही. बैलाचे होते. येतानाचे तीन-तीन खूर, आणि चौथ्या जागी नुसता खरडा, लंगडं जनावर ओढत आणतं तसा. मग सहाव्या दारापाशी सगळं तुडवलेलं, लाल. आणि तिथून परत जातानाचे ठसे."

त्यांनी स्टोव्हची वात वर केली.

"घाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत मी त्या ठशांमागं गेलो. चाल सरळ होती रे. खरडा नव्हता. तीन खूर... आणि पुढच्या डाव्या पायाच्या जागी, दर पावलाला, माणसाचा अनवाणी पाय. पाची बोटं उमटलेली."

मी हे लिहून ठेवलं कारण माझ्या ओळखीच्या सगळ्याजणींची घरं लहान लेकरांची आहेत, आणि आपली माणसं आपल्यासाठी काय करून बसतील ह्याचा नेम नाही. तुमचं कोणी वर डोंगरात मयताला निघालं असेल, तर एवढं त्याच्या कानावर घाला, आणि त्यालाही पुढं सांगायला सांगा. जेवायचं ते तिथंच बसून जेव. दोन्ही हात धू. घरी कोणी कितीही भुकेलं असलं, तरी रिकाम्या हातानं ये.